मगनवाडीची उंची वस्त्रे

लग्नसराई जवळ आली की घरोघरी कापडखरेदीचा खल सुरू होतो. कोणी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचे नाव घेतो, कोणी येवल्याच्या पैठणीचे, तर कोणी नागपूरच्या सीताबर्डीचे. वर्ध्याचे नाव अशा प्रसंगी सहसा निघत नाही. आमच्या घरी ते निघाले, ते नियोजित वधूच्या हट्टामुळे. एक तरी साडी मगनवाडीचीच हवी, असे तिने निक्षून सांगितले.

वर्धा शहरातील कुमारप्पा मार्गावर ही मगनवाडी आहे. जमनालालजी बजाज यांनी दिलेल्या या जागेत गांधीजी १९३४ नंतर काही काळ राहिले व १९३६ साली शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, गेले. कुमारप्पांचे ग्रामोद्योगाचे कार्य येथेच चालले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयास मगनलाल गांधींचे नाव आहे. आज तेथे मगन खादीची वस्त्रे विक्रीस असतात.

साडीची किंमत ऐकताच आजींच्या कपाळास आठ्या पडल्या. "अहो, खादी म्हणजे गरिबांचे कापड ना? मग त्याला हे मोल कशाचे?" प्रश्न अगदी रास्त होता, आम्हांसही प्रथम उत्तर सुचेना.

उत्तर कापडातच दडलेले आहे. सूत हाताने कातलेले, विणही हातमागाची. रंगासाठी नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल अशा वस्तू. रंग पक्का बसावा म्हणून सूत आधी हिरडा व तुरटीच्या पाण्यातून काढावयाचे. काळा हवा असेल तर हिरड्याला लोहाची जोड द्यावयाची. गिरणीत जे घटकेत होते, त्याला येथे अनेक हातांचे अनेक दिवस लागतात. त्यातून १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांना किमान मजुरी देण्याचा निर्णय घेतला. खादी महागली तरी चालेल, पण कातणारी बाई उपाशी राहू नये, ही त्यामागील दृष्टी. स्वस्त खादीचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की, उरलेली किंमत दुसऱ्या कोणी तरी पोटाला चिमटा घेऊन भरलेली असते.

तथापि, महाग तेवढे सगळे खरे, असेही कोणी समजू नये. आज खादी हा धनिकांच्या मिरवण्याचा विषय झाला आहे व तिच्या नावावर गिरणीचे कापडही खपते. म्हणून गृहिणींनी विक्रेत्यास सूत कोणी कातले, रंग कशाचा, हे निःसंकोच विचारावे. २०१३ पासून अस्सल खादीसाठी खादी-चिन्हाची योजना आहे, तेही पाहून घ्यावे. हातसुतात बारीक गाठी व जाडबारीकपणा दिसणारच. तो दोष मानू नये. धुताना मात्र नैसर्गिक रंगास कडक ऊन व तीव्र साबण सोसत नाही, हे ध्यानात असावे.

हे सर्व ऐकून आजींनी पदर बोटांत धरून चाचपला. त्यांच्या मातोश्री टकळीवर सूत काढीत असत. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शालूंपैकी एक कमी करा, आणि ही घ्या."

खर्चाचा आकडा तोच राहिला. पैसा मात्र निराळ्या हातांत गेला. आमच्या मते, लग्नघरच्या यादीत याहून उंची वस्त्र दुसरे नव्हते.