आधी बंदूक काढायची, मग ऐकून घ्यायचं?

तर मंडळी, आजचा विषय अमेरिकेतले ‘रेड फ्लॅग’ कायदे. गुन्हा अजून घडलेला नाही, पण हा माणूस स्वतःचं किंवा दुसऱ्याचं काही बरंवाईट करेल अशी भीती आहे. मग पोलीस, काही राज्यांत घरचे लोकसुद्धा, कोर्टात जातात. जजला पटलं तर त्याच्या बंदुका काही काळापुरत्या काढून घेतात. कनेक्टिकटने १९९९ मध्ये सुरुवात केली. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या हातातल्या फ्लोरिडानेही असा कायदा केला.

खरं भांडण आहे ते पहिल्या हुकमावरून. तो समोरच्याचं न ऐकताच निघू शकतो. फ्लोरिडात सुनावणी १४ दिवसांच्या आत. विरोधक म्हणतात, ही तर आधी शिक्षा, मग खटला! आणि कुणी सूडापोटी खोटं सांगितलं तर? प्रश्न रास्त आहे. पण आधी नोटीस पाठवली, तर तेवढे दिवस बंदूक त्याच्याच कपाटात ना? शिवाय अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्या जिवांपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. बातम्यांत हे फारसं येत नाही. अशा माणसासाठी दोन आठवडे म्हणजे खूप झाले.

कोलोरॅडोत ज्याची बंदूक काढली जाते त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. मला तरी ही वाट बरी वाटते.