पोपट कुणाच्या भरवशावर ठेवायचा?

मे महिन्यात गावी जायचे ठरले, किंवा गणपतीसाठी कोकणची तिकिटे हाती आली, की घरात दोन प्रश्न निघतात. कुंड्यांना पाणी कोण घालणार आणि पोपटाकडे कोण बघणार? बहुतेक घरांत दोन्हींचे उत्तर एकच असते, शेजारच्या काकू. काकू प्रेमळ असतात, किल्लीही त्यांच्याकडे असते. पण कुंडी दोन दिवस विसरली तरी तिसऱ्या दिवशी पाणी मिळाल्यावर सावरते. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या बजरीगारच्या पोटात दोन दिवसांची शिदोरी नसते.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याची उपासमार कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे. पोपट दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल पुष्कळदा त्याच वाटीत टाकतो. संध्याकाळी डोकावणाऱ्याला वाटी काठोकाठ भरलेली दिसते. ‘खाल्लेच नाही वाटतं’ किंवा ‘अजून पुष्कळ आहे’ असे म्हणून तो निघून जातो. प्रत्यक्षात वाटीत राहिलेला असतो नुसता भुसा. वाटीवर हलकी फुंकर मारली की टरफले उडतात आणि खाली काय उरले ते कळते. एवढी एक गोष्ट सांगायची राहून गेली म्हणून पक्षी दगावू शकतो, हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते.

दुसरी अडचण पक्ष्याच्या स्वभावात आहे. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत तो आजार लपवतो. पाळीव झाला तरी ही खोड जात नाही. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसलेला पोपट बघणाऱ्याला गोजिरवाणा वाटतो आणि त्याचा फोटो मालकाला पाठवला जातो. खरे तर दिवसाढवळ्या असे फुगून बसणे, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणे, काठी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी येणे ही सारी गंभीर आजाराची चिन्हे आहेत. अशा वेळी ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायला अवधी नसतो.

यावर सर्वांत भरवशाचे आणि स्वस्त साधन म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा. सकाळी दाणे देण्याआधी पक्ष्याचे वजन करून वहीत मांडावे. जाण्याआधी आठ-दहा दिवस ही नोंद ठेवली की त्या पक्ष्याचे नेहमीचे वजन हाती येते. त्यात दहा टक्के घट झाली तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठायचा. नव्वद ग्रॅमच्या कॉकटेलच्या बाबतीत ही घट नऊ ग्रॅमची, म्हणजे दोन चहाचे चमचे साखरेइतकी. पिसांखाली ती डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. विष्ठेकडेही लक्ष हवे. निरोगी पोपटाच्या विष्ठेत गडद घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडे पाणी असे तीन भाग वेगळे दिसतात. तळाला रोज नवा कोरा कागद घातला की फरक लगेच लक्षात येतो.

आता माणूस शोधायचा. धडधाकट, वयात आलेला पक्षी असेल आणि चार-पाच दिवसांचाच प्रश्न असेल, तर त्याला त्याच्याच घरात, त्याच्याच पिंजऱ्यात ठेवून ओळखीच्या माणसाने दिवसातून दोनदा येणे सर्वांत बरे. दोनदा, एकदा नव्हे. जागा बदलली की पोपट बिथरतो, काही पक्षी दोन दिवस अन्नाला शिवत नाहीत. राखी पोपटाची, म्हणजे आफ्रिकन ग्रेची, गोष्ट आणखी वेगळी. तो इतका माणसाळलेला असतो की एकटेपणात स्वतःची पिसे उपटू लागतो. दहा दिवसांच्या प्रवासासाठी त्याच्याजवळ राहायला येणारे माणूसच हवे.

असे माणूस नसेल तर पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या केंद्रांचा विचार होतो. शहरांत ती आता पुष्कळ झाली आहेत, पण बहुतेक कुत्र्या-मांजरांसाठी आहेत. ‘पक्षीही ठेवतो’ हे पाटीवर नंतर रंगवलेले असते. मांजरे ठेवलेल्या खोलीशेजारी पोपट ठेवणे म्हणजे त्याला चोवीस तास भीतीच्या छायेत ठेवणे. केंद्र आधी स्वतः जाऊन पाहावे, आणि दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून निघावे. चांगला सांभाळणारा ओळखण्याची एक साधी खूण आहे. तो मालकाला जास्त प्रश्न विचारतो. पक्षी काय खातो, किती वाजता झोपतो, कधी आजारी होता, पशुवैद्यक कोण, हे सारे त्याला हवे असते. आणि पक्षी निरोगी असल्याचा पशुवैद्यकाचा कागद मागितल्याशिवाय तो पक्षी घेत नाही. ‘आणून सोडा, काळजी करू नका’ असे फोनवरच म्हणणाऱ्याची काळजी जरूर करावी.

या कागदाचे महत्त्व कागदापुरते नाही. पोपटांना क्लॅमिडिया सिट्टासी नावाच्या जिवाणूचा संसर्ग होतो. तो बाळगणारा पक्षी वरून ठणठणीत दिसू शकतो आणि प्रवास, जागाबदल, गर्दी यांचा ताण आला की विष्ठेतून व नाकाच्या स्रावातून जंतू बाहेर टाकू लागतो. म्हणजे सांभाळकेंद्रातली परिस्थितीच त्याला पोषक. चोच आणि पिसांचा एक विषाणुजन्य आजारही पिसांच्या धुळीतून आणि विष्ठेतून पसरतो. त्यावर नेमका उपचार नाही आणि तो विषाणू पिंजऱ्यांवर दीर्घकाळ टिकतो. म्हणून निरनिराळ्या घरांतले पक्षी एकाच खोलीत ठेवता का, भांडी एकमेकांत फिरतात का, हे विचारलेच पाहिजे. त्यात कोणाला राग येण्याचे कारण नाही.

सिट्टासीचा जंतू माणसालाही सोडत नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, जबर डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. १९२९ची अखेर आणि १९३० या काळात दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत याची साथच आली होती. आज डॉक्सिसायक्लिनने हा आजार चांगला बरा होतो. मात्र न्यूमोनियावर नेहमी दिली जाणारी पेनिसिलीन गटातली औषधे त्यावर फारशी चालत नाहीत. त्यामुळे घरात पक्षी आहे, हे डॉक्टरांना कळणे गरजेचे. रुग्ण आपणहून सांगत नाही आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो प्रश्न विचारायचा राहून जातो.

दुसरा त्रास जंतूंचा नाही. पिसांच्या भुकटीतली आणि विष्ठेतली प्रथिने काहींच्या फुप्फुसांना सोसत नाहीत. पिंजरा साफ केल्यावर चार-आठ तासांनी ताप, खोकला, धाप लागते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून दुर्लक्ष होते. असे वर्षानुवर्षे चालले तर फुप्फुसे कायमची आखडतात. कॉकटेल आणि राखी पोपटाच्या पिसांत भुकटी बरीच असते. तेव्हा दम्याचा त्रास असलेल्या, केमोथेरपी घेत असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्या शेजाऱ्यावर संकोचाच्या भरात हे काम लादू नये. जो करील त्याने तळाचा कागद आधी ओला करून मग काढावा, तोंडाला मास्क लावावा आणि पिंजऱ्याखाली कोरडा झाडू मारू नये.

पशुवैद्यकाचा शोध मात्र निघायच्या आधीच संपला पाहिजे. पशुवैद्यकीय शिक्षणाचा मोठा भाग गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या यांचा असतो. पोपट तपासण्याचा सराव प्रत्येकाला असतोच असे नाही. महिन्यात साधारण किती पोपट तपासता, भूल द्यायची तर गॅसची सोय आहे का, रात्री कोण भेटेल, असे सरळ विचारावे. मुंबईत परळचे, तसेच नागपूरचे आणि सातारा जिल्ह्यात शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जवळपास पक्ष्यांवर कोण उपचार करते, याची चौकशी तिथे करता येते. एका कागदावर उपचाराला संमती, खर्चाची मर्यादा आणि मालकाचा संपर्क न झाल्यास निर्णय कोणी घ्यायचा, हे लिहून ठेवावे. मालक घाटात आणि मोबाइलला रेंज नाही, ही वेळ हटकून येते.

सांभाळणाऱ्याचे घरही एकदा पक्ष्याच्या नजरेने पाहावे. पोपटाची फुप्फुसे हवेच्या पिशव्यांना जोडलेली असतात आणि श्वासातली हवा त्यांत अतिशय कार्यक्षमतेने वापरली जाते. साहजिकच विषारी वायूही तितक्याच वेगाने भिनतो. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून अती तापला तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. माणसाला मात्र फारसे जाणवतही नाही. मच्छर अगरबत्ती, धूप, सुगंधी फवारे दूर हवेत. आपल्याकडे छताचा पंखा हा तर मोठाच धोका. पिंजरा उघडण्याआधी पंखा, खिडक्या आणि दार बंद, हा क्रम ठरलेला हवा. खाण्यात चॉकलेट, कांदा आणि अवाकाडो वर्ज्य. चहात बुडवलेले बिस्किट लाडाने देण्याची पद्धतही सोडावी. हिरवी मिरची दिली तर चालते. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे पोपट शूर आहे असे समजू नये.

कायद्याचा भाग थोडक्यात. आपला हिरवा, लाल कंठाचा पोपट पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो हाती असेल तर सांभाळकेंद्र न शोधता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गच्चीतून उडवून देऊ नये, कारण माणसाळलेला पक्षी बाहेर तग धरत नाही. आफ्रिकन ग्रे आणि मकाव यांसारख्या विदेशी पक्ष्यांची नोंदणी फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करावी लागते. पक्षी दुसऱ्याकडे ठेवताना त्या नोंदणीची प्रत सोबत द्यावी. बजरीगार आणि कॉकटेल त्या यादीत नाहीत.

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी एका रात्रीची तालीम घ्यावी. पक्षी तिथे खातो का, अंधारात घाबरून फडफडतो का, सांभाळणाऱ्याला वजन करता येते का, हे त्यात कळते. कॉकटेल रात्री दचकून पिंजऱ्यात स्वतःला जखमी करून घेतो, त्याच्यासाठी मंद दिवा लागतो.

परत आल्यावर त्याच काट्यावर वजन करावे. पक्षी एक-दोन दिवस रुसल्यासारखा पाठ फिरवून बसेल, त्यात विशेष काही नाही. वजन उतरले असेल किंवा विष्ठा बदलली असेल तर मात्र तपासणी करून घ्यावी. घरात दुसरे पक्षी असतील तर बाहेर राहून आलेल्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावे. आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत सांभाळणाऱ्या काकूंना ताप-खोकला झाला, तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाऊन पोपटाचा उल्लेख आपणच करावा.