तीन कण, तीन खबरदाऱ्या

एमआरआय विभागाबाहेर बसलेले नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : ‘यात रेडिएशन किती असतं?’ एमआरआयमध्ये क्ष-किरण वापरलेच जात नाहीत. तरीही या भीतीपोटी काहीजण तपासणी पुढे ढकलतात आणि पेसमेकर बसवलेला आहे, ही खरी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते. कोणत्या यंत्रापाशी कशाला जपायचे, हे कळण्यासाठी शाळेत शिकलेले अणूतले तीन कण आठवले तरी पुरे.

अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन असतात. केंद्रकाबाहेर ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला, न्यूट्रॉनचा जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड असतो, न्यूट्रॉन प्रोटॉनहून किंचित जड.

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये काम करतो तो इलेक्ट्रॉन. हलका आणि प्रभारित असल्याने उच्च व्होल्टेज देऊन त्याला प्रचंड वेग देता येतो. हे वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या तुकड्यावर आदळले की क्ष-किरण निघतात. हे किरण शरीरातल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवू शकतात, त्यातून पेशींतील डीएनएला इजा होण्याची शक्यता असते. म्हणून ही तपासणी गरजेपुरतीच करावी आणि गर्भारपणाची शक्यता असल्यास आधी सांगावे. मात्र यंत्र बंद होताच किरण थांबतात. शरीरात काहीही मागे राहत नाही.

एमआरआयची सगळी मदार प्रोटॉनवर असते. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन, आणि तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत असे असंख्य प्रोटॉन असतात. १.५ टेस्लाचे चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट, आणि रेडिओ लहरी यांच्या मदतीने त्यांचे संकेत टिपले जातात. रेडिओ लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. इथे धोका आहे तो चुंबकाचा, आणि तपासणी सुरू नसतानाही ते चालूच असते. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडरही ते वेगाने ओढून घेते. पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीवरची क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण, यांची माहिती लपवू नये. काही नव्या पेसमेकरसह एमआरआय करता येतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

तिसरा न्यूट्रॉन. मूलद्रव्य कोणते, हे प्रोटॉनच्या संख्येवरून ठरते. प्रोटॉन ५३ म्हणजे आयोडीन. नेहमीच्या आयोडीनमध्ये न्यूट्रॉन ७४ असतात, तर थायरॉइडच्या काही आजारांवर दिल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ मध्ये ७८. रासायनिक गुणधर्म तेच असल्याने थायरॉइड ग्रंथीला फरक कळत नाही. ती दोन्ही सारखेच शोषून घेते. चार जादा न्यूट्रॉनमुळे ते केंद्रक मात्र अस्थिर असते. त्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन ग्रंथीच्या पेशी नष्ट करतात आणि सोबतचे गॅमा किरण शरीराबाहेर येतात.

म्हणूनच या एका उपचारात काही दिवस रुग्णाने लहान मुले व गर्भवतींपासून अंतर ठेवायचे असते. गर्भारपणात हे औषध देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनपान आधीच थांबवावे लागते. हे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मे होते, शिवाय लघवीवाटे बाहेर पडते. सांगितलेली मुदत संपल्यावरही रुग्णाचे ताट वेगळे ठेवण्याची, नातवंडांना त्याच्यापासून लांब ठेवण्याची काहीच गरज नाही.

तपासणीच्या फॉर्मवर सही करताना ‘रेडिएशन आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘आम्ही कशाची काळजी घ्यायची आणि किती दिवस?’ हेही विचारावे.