श्राव्यातीत पार्किंग संवेदक

श्राव्यातीत पार्किंग संवेदक : मोटारगाडी मागे घेत असताना तिच्या पाठीमागील अडथळ्याचे अंतर श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने मोजून चालकाला वेळीच सावध करणारी प्रयुक्ती. व्यवहारात तिला ‘रिव्हर्स सेन्सर’ असे म्हणतात. मानवी कानाला साधारणपणे दर सेकंदास २० ते २०,००० कंपने या मर्यादेतील ध्वनी ऐकू येतो. त्याहून अधिक कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. पार्किंग संवेदकात सामान्यतः ४० ते ६० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग वापरतात. कंप्रता याहून बरीच कमी ठेवल्यास ध्वनी माणसांना जाणवू लागतो. बरीच जास्त ठेवल्यास हवेत त्याचे शोषण त्वरेने होऊन पल्ला घटतो.

आवश्यकता : गाडी मागे घेताना चालकाची दृष्टी आरसे व मागील काच यांवर अवलंबून असते. मागील काचेच्या खालच्या कडेमुळे गाडीला लागून असलेला जमिनीचा बराच भाग दृष्टीआड राहतो. गाडी जितकी उंच, तितका हा अंध प्रदेश मोठा असतो. उभा प्रौढ मनुष्य काचेतून दिसू शकतो. परंतु खेळणारे मूल किंवा खाली वाकलेली व्यक्ती दिसत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार त्या देशात हलकी वाहने मागे येऊन होणाऱ्या अपघातांत दरवर्षी सु. २१० व्यक्ती मृत्युमुखी पडत व सु. १५,००० जखमी होत. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले आणि २६ टक्के सत्तर वा अधिक वर्षे वयाच्या व्यक्ती होत्या. असे अपघात पुष्कळदा घराच्या आवारातच घडतात व चालक मुलाचा जवळचा आप्त असतो.

तत्त्व : ध्वनीचा लहानसा स्पंद सोडावयाचा व अडथळ्यावरून परावर्तित झालेला प्रतिध्वनी परत येण्यास लागणारा काळ मोजावयाचा, हे या संवेदकाचे मूलतत्त्व आहे. वटवाघूळ अंधारात याच पद्धतीने मार्ग काढते [⟶ वटवाघूळ]. २०° से. तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग दर सेकंदास सु. ३४३ मी. असतो. अडथळा १ मी. अंतरावर असल्यास ध्वनीला जाऊन येऊन २ मी. अंतर कापावे लागते व त्यास सु. ५·८ मिलिसेकंद लागतात. म्हणून मोजलेल्या काळाला वेगाने गुणून त्याची निमपट केली म्हणजे अंतर मिळते.

तापमान १° से. ने वाढले, तर ध्वनीचा वेग दर सेकंदास सु. ०·६ मी. ने वाढतो. हिवाळ्यातील पहाट व उन्हाळ्यातील दुपार यांमध्ये ३०° से. चा फरक असेल, तर १ मी. अंतराच्या मापनात सु. ५ सेंमी. ची चूक संभवते. त्यामुळे पुष्कळ प्रणालींत बाहेरील हवेच्या तापमानानुसार दुरुस्ती केली जाते.

रचना व कार्य : संवेदकाचा मुख्य भाग म्हणजे ॲल्युमिनियमाची लहान वाटी व तिच्या तळाला आतून चिकटविलेली दाबविद्युत् मृत्तिकेची चकती. या चकतीवर विद्युत् दाब दिला असता ती आकुंचन-प्रसरण पावते आणि वाटीचा तळ पटलाप्रमाणे कंप पावून ध्वनी निर्माण करतो. उलट, प्रतिध्वनीने पटल हलले की चकतीत सूक्ष्म विद्युत् दाब उत्पन्न होतो. अशा रीतीने एकच चकती आळीपाळीने प्रेषक व ग्राही अशी दोन्ही कामे करते. दाबविद्युत् परिणामाचा शोध प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला होता [⟶ दाबविद्युत्].

स्पंद सोडल्यानंतर पटल लगेच स्तब्ध होत नाही. आघातानंतर घंटा निनादत राहावी तसे ते सु. १ मिलिसेकंद कंप पावत राहते व तेवढ्या काळात क्षीण प्रतिध्वनी ओळखता येत नाही. या काळात ध्वनी सु. ३४ सेंमी. प्रवास करीत असल्याने सु. १७ सेंमी. च्या आतील अंतर अचूक मोजता येत नाही. अडथळा फार जवळ आल्यावर आकडा न दाखविता अखंड नाद चालू ठेवण्याची पद्धत आहे, तिचे हे एक कारण होय.

मागील बंपरमध्ये बहुधा दोन ते चार संवेदक बसवितात. गाडी मागच्या गिअरमध्ये टाकताच प्रणाली कार्यान्वित होते. एका संवेदकाने सोडलेल्या स्पंदाचा प्रतिध्वनी शेजारचे संवेदकही ग्रहण करू शकतात. दोन ठिकाणांहून मिळालेल्या अंतरांवरून त्रिकोणाच्या भूमितीने अडथळ्याचे बंपरपासूनचे लंबांतर काढता येते. सर्वसाधारण प्रणालीचा पल्ला १·५ ते २·५ मी. असतो. अंतर कमी होत जाते तसतसे इशाऱ्याचे नाद अधिक जलद येऊ लागतात व शेवटी सलग होतात. त्यामुळे चालकाला नजर न हटविता अंतराचा अंदाज येतो.

मर्यादा : हा संवेदक वस्तू ‘पाहत’ नाही; त्याला फक्त परत आलेला प्रतिध्वनी कळतो. ४० किलोहर्ट्‌झ कंप्रतेची तरंगलांबी सु. ८·६ मिमी. असते. गुळगुळीत भिंत अशा तरंगांना आरशासारखी असते व ती तिरपी असल्यास ध्वनी भलतीकडे परावर्तित होतो. बारीक तार, साखळी किंवा जाळी यांपासून प्रतिध्वनी क्षीण येतो. जाड, मऊ कापड ध्वनी शोषून घेते. त्यामुळे सपाट भिंत सहज ओळखणारा संवेदक लहान मुलाच्या बाबतीत चुकू शकतो. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी प्रशासनाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांतही संवेदक प्रणालींची पादचारी, विशेषतः मुले, ओळखण्याची क्षमता असमाधानकारक आढळली.

जमिनीवरून येणारे निरर्थक प्रतिध्वनी टाळण्यासाठी ध्वनीची शलाका आडवी रुंद व उभी अरुंद ठेवलेली असते. परिणामी बुटका खांब किंवा दगड दुरून जाणवतो, पण गाडी जवळ जाताच तो शलाकेच्या खाली राहतो आणि इशारा थांबू शकतो. अशा वेळी शांतता म्हणजे अडथळा दूर झाला असे नव्हे. खड्डा, नाला किंवा उताराची कड यांपासून तर प्रतिध्वनी येतच नाही. पावसाळ्यात पटलावर बसलेला चिखल, थंड प्रदेशात जमणारे बर्फ आणि शेजारच्या मालमोटारीच्या हवाई गतिरोधकातून निघणारी हवा यांमुळेही खोटे इशारे मिळतात किंवा खरे इशारे हुकतात.

वेगाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. ताशी ५ किमी. वेगाने मागे जाणारी गाडी १·५ मी. अंतर सु. १·१ सेकंदात कापते. ताशी १० किमी. वेगाने तेच अंतर सु. अर्ध्या सेकंदात संपते. इशारा ऐकून पाय गतिरोधकावर पडण्यास सु. एक सेकंद लागतो. म्हणजे दुसऱ्या उदाहरणात संवेदक बिनचूक असूनही त्याचा उपयोग होत नाही.

इतिहास व नियम : पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांझव्हँ यांनी पाणबुड्यांचा ठाव घेण्यासाठी दाबविद्युत् स्फटिकाचा उपयोग करून श्राव्यातीत प्रतिध्वनींचे तंत्र विकसित केले. मोटारगाडीत हे तत्त्व जपानच्या टोयोटा कंपनीने १९८२ मध्ये कोरोना या गाडीसाठी उपलब्ध केले. यूरोपात बीएमडब्ल्यू कंपनीने १९९१ च्या अखेरीस ते आपल्या मोठ्या गाड्यांत आणले. प्रारंभी महागड्या गाड्यांपुरती असलेली ही सोय पुढे सामान्य गाड्यांतही आली. भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या, चालकाखेरीज जास्तीत जास्त आठ आसनांच्या मोटारगाड्यांना एआयएस–१४५ या मानकानुसार मागे जातानाचा इशारा देणारी प्रणाली अनिवार्य झाली. एआयएस मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात. अमेरिकेत मात्र १ मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांत मागील दृश्य दाखविणारा कॅमेरा सक्तीचा करण्यात आला.

कॅमेरा वस्तूचे स्वरूप दाखवितो, पण चालकाचे लक्ष पडद्याकडे असेल तरच. संवेदक लक्ष वेधून घेतो, पण वस्तूचे स्वरूप सांगत नाही. म्हणून दोन्ही साधने परस्परपूरक मानतात. गाडीत बसण्यापूर्वी तिच्या मागे फिरून पाहणे, मुले कोठे आहेत याची खात्री करणे, संवेदक पुसून स्वच्छ ठेवणे व माणसाच्या चालीपेक्षा अधिक वेगाने मागे न जाणे, ही दक्षता यांपैकी कोणत्याही साधनामुळे अनावश्यक ठरत नाही.