नव्वद किलोमीटरांचे स्मारक

युद्धात पडलेल्यांची स्मारके आपल्याकडे दगडाची. छत्री, वीरगळ, फार तर चौकातला पुतळा. दक्षिण आफ्रिकेतल्या व्हिक क्लॅफम नावाच्या रेल्वे इंजिन-ड्रायव्हरला मात्र दगड पुरेसा वाटेना. पहिल्या महायुद्धातील पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत हा गृहस्थ सुमारे २,७०० किलोमीटर चालला होता. गेलेल्या सोबत्यांची आठवण जित्या पायांनी वाहावी, असे त्याने मनात घेतले आणि पीटरमॅरित्झबर्गहून दरबानपर्यंत शर्यत लावण्याची परवानगी मागितली. (गांधीजींना १८९३ साली गाडीतून उतरवले, ते पीटरमॅरित्झबर्ग हेच.) माजी सैनिकांच्या संघाने दोनदा नकार दिला, अखेर होकार दिला तो एक पौंड देऊन, आणि तोही परतीच्या बोलीवर! २४ मे १९२१ रोजी ३४ जण निघाले, १६ पोहोचले. पहिला आलेला बिल रोवन ८ तास ५९ मिनिटे धावत होता.

ही 'कॉम्रेड्स' शर्यत आजही सुमारे नव्वद किलोमीटरांची आहे. साधारणपणे एका वर्षी समुद्राकडे उतरायचे, दुसऱ्या वर्षी तोच रस्ता चढायचा. आम्हां गाणाऱ्यांना आरोह-अवरोहच आठवावेत. वेळ संपल्याची बंदूक झाडणारा धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो. मात्र सोबत्यांच्या नावाने चालणाऱ्या या शर्यतीत कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना १९७५पर्यंत रीतसर प्रवेश नव्हता, हेही सांगितले पाहिजे. रॉबर्ट म्त्शाली १९३५मध्ये धावला तो बिननोंदीचा.

लढाईहून परतलेल्या मनाचे काय होते, याला नाव मिळाले ते त्याच युद्धात. फेब्रुवारी १९१५मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात 'शेल शॉक' हा शब्द आणणारे डॉ. चार्ल्स मायर्स हे संगीताचेही अभ्यासक; १८९८ साली टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरची गाणी त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवली होती. पुढे तो शब्द त्यांनाच नकोसा झाला, कारण जवळपास तोफगोळा न फुटताही माणसे तशीच मोडत होती. अशांसाठी १९१९ साली इंग्लंडात निघालेली संस्था आज 'कॉम्बॅट स्ट्रेस' म्हणून चालते. लांब पल्ल्याच्या शर्यती धावून तिच्यासाठी पैसा उभा करणाऱ्यांत माजी सैनिकही असतात.

आणि आपले मराठे? कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ठाणे पडले. उरलेले कैदेत गेले. जे कोकणात, देशावर घरी परतले, त्यांना रात्री काय दिसत होते हे कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. दचकून उठणाऱ्याला आपल्याकडे 'बाधा झाली' म्हणत आणि नारळ उतरवून टाकीत.

पेडण्यातल्या कोरगावी भजनाच्या शिकवणीसाठी माझे जाणे असते. तेथे एक निवृत्त हवालदार मृदंगाला बसतात. हात जड, पण लय पक्की. पहाटे हरमलच्या रस्त्याने धावतात. कारण विचारले, तर म्हणाले, “पाय दमले, की रातीक न्हीद येता, मास्तर.” धावणे म्हणजे औषध नव्हे, हे त्यांनाही ठाऊक आहे, स्वतः बांबोळीच्या मनोरुग्णालयात जाऊन औषध घेतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी सैनिकांसाठी 'टेलिमानस'चा खास कक्ष निघाला, हेही त्यांनीच मला सांगितले. सर्वांसाठीचा क्रमांक १४४१६, फुकट, रात्रंदिवस.

येत्या हिवाळ्यात कोरगावहून सावंतवाडीला धावत जाऊन धावतच परतायचे, असा त्यांचा बेत आहे. जमेल तो पैसा बांबोळीला जाणाऱ्या रुग्णांच्या गाडीभाड्याला. देवळाच्या कामाला कोणीही हात सैल सोडतो. या कामाला मात्र 'कोणाच्या घरचे आहे?' असे आधी विचारतात. मी गेलो तेव्हा त्यांच्या वहीत सात जणांची रक्कम होती. पैकी चौघांनी नाव लिहू दिलेले नव्हते.