जंतूचे गाव कोणते?

पटकीची साथ आली की पूर्वी आपल्याकडे मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. रोग शेजारच्या गावाचा झाला, आपण सुटलो! आज 'रोग आणला कुणी?' हा प्रश्न देश एकमेकांना विचारतात आणि उत्तर प्रयोगशाळेकडे मागतात. पण ते उत्तर किती नेमके मिळणार, हे तपासाच्या पद्धतीवर ठरते. हैतीची हकिकत ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या ह्या गरीब देशाला १२ जानेवारी २०१० रोजी भीषण भूकंपाने उद्ध्वस्त केले. ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनित नदीच्या काठची माणसे जुलाब-उलट्यांनी मरू लागली. कॉलरा! त्या देशात निदान शंभर वर्षे त्याची नोंद नव्हती. लोकांनी बोट दाखवले ते मिरबाले गावाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या छावणीकडे. तिथे नेपाळहून शांतिसैनिकांची नवी तुकडी नुकतीच आली होती आणि छावणीची घाण नदीला मिळणाऱ्या ओढ्यात जाते, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. काही शास्त्रज्ञ मात्र म्हणत होते, जंतू समुद्राच्या पाण्यातला, स्थानिकच असेल.

मग खुद्द जंतूलाच विचारायचे. पण कसे?

सर्वांत जुनी रीत म्हणजे जंतूच्या बाह्य आवरणावरून त्याचा गट ठरवणे. हैतीचा जंतू 'ओ-१' गटाचा निघाला. पण जगातल्या बहुतेक साऱ्या मोठ्या साथी ह्याच गटाच्या. हे म्हणजे नुसते आडनाव कळण्यासारखे झाले. कुलकर्णी खरे, पण कुठले?

दुसरी रीत १९९८ साली पुढे आली. जंतूची ठरावीक सात जनुके वाचायची आणि त्यांवरून त्याला क्रमांक द्यायचा. कोणत्याही देशातल्या प्रयोगशाळेला तो क्रमांक ताडून पाहता येतो, ही तिची मोठी सोय. पण ही जनुके फार सावकाश बदलतात. घराणे कळते, घर कळत नाही. चालू साथीतले कॉलऱ्याचे जंतू तिच्या लेखी जवळजवळ सारखेच.

तिसरी रीत १९८४ सालची आणि बरीच वर्षे सर्वांत विश्वासाची. जंतूचा डीएनए विशिष्ट जागी कापायचा आणि ते तुकडे एका जेलीसारख्या थरातून, दिशा बदलत्या विजेच्या प्रवाहाने, सरकवायचे. लहान तुकडे लवकर पुढे जातात, मोठे रेंगाळतात. पट्ट्यांची एक नक्षी उमटते. दोन नमुन्यांची नक्षी जुळली, तर नाते जवळचे. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशीच नक्षी पाहून सांगितले की, हैतीचा जंतू दक्षिण आशियातल्या जंतूंशी जुळतो.

पाऊल मोठे होते, पण दक्षिण आशिया म्हणजे काही एक गल्ली नव्हे! नक्षी बदलते ती कापण्याच्या जागा बदलल्या किंवा मोठा तुकडा आला-गेला तर. मधली बारीक खाडाखोड तिला दिसत नाही. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या मला हे चटकन उमजते. दोन खात्यांची अखेरची शिल्लक सारखी निघाली, म्हणून आतल्या नोंदी सारख्या असतातच असे नाही. त्यासाठी खतावणी ओळ न् ओळ ताडावी लागते.

चौथी रीत ती ही. जंतूचा सबंध डीएनए, सुमारे चाळीस लाख अक्षरे, वाचून काढायचा. ऑगस्ट २०११ मध्ये नेपाळच्या चोवीस आणि हैतीच्या काही नमुन्यांची अशी तुलना प्रसिद्ध झाली. नेपाळचे तीन नमुने हैतीच्या नमुन्यांशी इतके जुळले की फरक अवघ्या एक-दोन अक्षरांचा! अर्थात नेपाळचे नमुने मिळाले म्हणून हे कळले. कार्डावर नमुना सहीच नसेल तर चेकवरची सही ताडणार कशाशी?

तरीही, जंतू कुणाच्या पोटातून आला हे डीएनए सांगत नाही. ते काम पायपिटीचे. रेनो पियारू ह्या फ्रेंच डॉक्टरने पहिले रोगी कुठे आणि केव्हा आढळले ह्याचा माग काढला, तेव्हा वाट त्या ओढ्याशी आणि छावणीशी पोचली.

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी मे २०११ मध्ये म्हटले होते की, जंतू दक्षिण आशियाई, ओढा माणसांमुळे दूषित झाला, पण दोष कुणा एकाचा नाही. २०१३ मध्ये त्याच तज्ज्ञांनी लिहिले की, उगम बहुधा छावणीतलाच. नुकसानभरपाईचा दावा मात्र संयुक्त राष्ट्रांना असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे अमेरिकी न्यायालयात टिकला नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. तोवर नऊ हजारांहून अधिक माणसे गेली होती.

अमेरिकेतल्या अन्नजन्य रोगांच्या तपासयंत्रणेने २०१९ मध्ये पट्ट्यांची नक्षी बाजूला ठेवून संपूर्ण वाचनाचा मार्ग धरला. म्हणून जुन्या रीती फुकट गेल्या असे नाही. पहिली दिशा त्यांनीच दाखवली. चाळणी जाड असली तरी खडे तिनेच आधी निघतात.

आणि गाव शोधायचे ते शिव्या द्यायला नव्हे. ज्या सैनिकांमुळे जंतू आला असेल, त्यांना आपण काय घेऊन चाललो आहोत ह्याची कल्पनाही नसणार. त्या तज्ज्ञांच्या शिफारशींतली एक फार साधी होती : छावणीतल्या मैल्यावर जागच्या जागी प्रक्रिया करा. चाळीस लाख अक्षरे वाचून शेवटी माणूस एका संडासापाशी येतो. तो वेळीच नीट बांधला असता, तर वाचण्याची वेळच आली नसती.