जुना प्रवासी स्टोव्ह

गिरिभ्रमणाची आवड असलेल्या एखाद्या कुटुंबाच्या माळ्यावर कधीं कधीं पत्र्याची एक लहानशी पेटी सांपडते. तींत काळवंडलेली पितळी टाकी, सुटे केलेले तीन पाय आणि एक बर्नर असतो. चिंच लावून तो स्टोव्ह लखलखीत करणें सोपें. पण लखलखीत स्टोव्ह म्हणजे निर्धोक स्टोव्ह नव्हे. तो निर्धोक करावयाचा, तर त्याच्या पोटांत काय चालतें हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

१८९२ सालीं स्वीडनमधील स्टॉकहोम शहरीं फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट ह्या कारागिरानें ‘प्राइमस’ स्टोव्ह सिद्ध केला. वातीवर चालणाऱ्या रॉकेलच्या चुली भांड्यांना काजळी धरीत. लिंडक्विस्टनें वातच काढून टाकली. टाकींत पंपानें हवा भरली कीं तिच्या दाबानें रॉकेल वर चढतें. बर्नरच्या तापलेल्या नळ्यांत त्याची वाफ होते. ती सूक्ष्म छिद्रांतून वेगानें बाहेर पडते, हवेंत मिसळते आणि निळ्या ज्योतीनें जळते. त्याच ज्योतीनें नळ्या तापत राहतात. सारांश, हा स्टोव्ह रॉकेल जाळीत नाहीं, रॉकेलची वाफ जाळतो. दुरुस्तीचे व वापराचे बहुतेक नियम ह्या एका गोष्टींतून निघतात.

ह्या लहानशा यंत्रानें मोठे प्रवास केले आहेत. १८९३ ते १८९६ च्या उत्तरध्रुवीय सफरींत तें नॅन्सेनबरोबर होतें; १४ डिसेंबर १९११ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचलेल्या अमुंडसेनच्या तुकडीजवळहि होतें. अशा प्रदेशांत बर्फ वितळविल्याशिवाय प्यावयास पाणी नाहीं. म्हणून स्टोव्ह बिघडणें म्हणजे प्राणावर बेतणें. २९ मे १९५३ च्या पहाटे, एव्हरेस्टच्या शेवटच्या छावणींत, हिलरीनें गोठून कडक झालेले बूट स्टोव्हवर धरूनच मऊ केले, आणि मग तो तेनझिंगसह शिखराकडे निघाला. इकडे मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांतहि त्याच स्टोव्हचा भरभर आवाज कित्येक वर्षें सकाळच्या चहाची वर्दी देत असे.

दुरुस्तीस आरंभ टाकीपासून करावा. तींतील जुनें रॉकेल ओतून टाकून ती ताज्या रॉकेलनें खळबळून घ्यावी. टाकीला चीर असेल, तर तो स्टोव्ह शोभेसाठीं ठेवावा. उरल्यासुरल्या इंधनाच्या वाफेनें भरलेल्या टाकीला घरीं डाग देण्याचें धाडस कोणींहि करूं नये. पंपाचा चामडी वॉशर सुकून आक्रसला असेल, तर तो यंत्राच्या तेलांत भिजवून बोटांनीं हलकेंच पसरावा. रॉकेल उलट पंपांत चढत असेल, तर पंपाच्या तळाची झडप निकामी झाली असें समजावें. बर्नरखालची शिशाची चकती चेपली असल्यास बदलावी. नंतर, टाकी कोरडी असतांनाच, एकानें बर्नरचें छिद्र बोटानें दाबून धरावें आणि दुसऱ्यानें थोडी हवा भरून सर्व सांध्यांना साबणाचें पाणी लावावें. बुडबुडा उठेल तेथें गळती आहे. गळती थांबल्याखेरीज काडी ओढूं नये.

पेटवितांना टाकी तीन-चतुर्थांशच भरावी. हवेचा स्क्रू सैल ठेवून बर्नरभोंवतींच्या वाटींत स्पिरिट जाळावें. तें विझूं लागलें कीं स्क्रू आवळून पंपाचे चार-पांच हलके हात मारावे. घाई करून थंड बर्नरमध्यें दाब दिला, तर वाफेऐवजीं पातळ रॉकेल उसळतें आणि पिवळा भडका उठतो. अशा वेळीं स्क्रू उघडून दाब सोडावा. बर्नर थंड झाल्यावर पुन्हां आरंभ करावा. तापलेल्या वाटींत स्पिरिट ओतूं नये, आणि जळत्या स्टोव्हच्या टाकींत रॉकेल कधींहि भरूं नये. छिद्र तुंबल्यास त्याच मापाची पिन वापरावी. जाड तारेनें छिद्र रुंदावतें आणि ज्योत काजळी धरूं लागते.

दोन धोके मात्र मनांत पक्के ठसले पाहिजेत. कांहीं प्रवासी स्टोव्ह पेट्रोलवर चालतात व दिसावयास असेच असतात. परंतु रॉकेलच्या स्टोव्हमध्यें पेट्रोल घालणें म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. दुसरा धोका बंद तंबूंतला. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या स्टोव्हपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेल्या माणसाला तो जागेंहि करीत नाहीं. म्हणून स्टोव्ह उघड्यावर, सपाट दगडावर, वाऱ्याला आडोसा करून पेटवावा, आणि स्वयंपाक आटोपतांच विझवावा.

इतकी शिस्त पाळली, तर आजोबांच्या काळचा स्टोव्ह नातवंडांनाहि डोंगरावर चहा पाजील. त्याच्या पितळेची झीज फारशी होत नाहीं. झिजतात ते वॉशर, आणि सुटतो तो माणसाचा धीर. वॉशर बाजारांत मिळतो. धीर मात्र ज्याचा त्यानेंच बरोबर न्यावा लागतो.